नवरंगाचा वर्षावास

प्रतिभाबाईंना पाखरांचं काडीचंही कौतुक नव्हतं. सगळा जन्म सरकारी मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांचा कलकलाट ऐकण्यात गेलेला, त्या बाईला आणखी कलकलाट कशाला हवा? कौतुक होतं ते त्यांच्या यजमानांना. नागनाथ तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या तहसील कचेरीत कारकून. दिवसभर कागदांच्या मिसली उपसायच्या, आणि कचेरी नसेल तेव्हा दुर्बीण गळ्यात अडकवून गावामागच्या जंगलात जाऊन बसायचं, असा या माणसाचा संसार. परत यायचे तेव्हा पॅन्टला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली. ती एकेक करून काढायचं काम अर्थातच प्रतिभाबाईंकडे.

"लोकं घरी येताना भाजी आनतात, तुमी कुसळं आना," त्या म्हणायच्या.

नागनाथ हसायचे. हसले की पुढचा अर्धा तुटका दात दिसायचा, लहानपणी विटी लागून तुटलेला, आणि तो दिसला की प्रतिभाबाईंचा राग निम्मा उतरायचा. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

घर गावाच्या अगदी टोकाला. परसदारी उभं राहिलं की शेजारच्या कौशल्याबाईंच्या कापसाच्या वावरापलीकडे मोहाचं एक भलं मोठं झाड दिसतं, तिथून जंगल सुरू होतं. संध्याकाळी परतताना नागनाथ त्या मोहाखाली थांबून शीळ घालायचे. ही नवरंग पाखराची शीळ, असं त्यांचं म्हणणं. जंगलात ओढ्याकाठी एका दगडावर बसून ते हीच शीळ दिवसभर घालायचे, नवरंगाला बोलतं करायला. आणि मोहाखाली घालायचे ती घरच्यांना बोलवायला. शीळ ऐकू आली की प्रतिभाबाईंनी चहाचं आधण ठेवायचं आणि लहानग्या मुलानं, हर्षदीपनं, असेल तिथून खेळ टाकून घरी यायचं, असा घरचा कायदा होता. दोन सुरांची शीळ. पहिला सूर ताठ वर जायचा. दुसरा निघायचा जोरात, पण मधेच पाय घसरल्यासारखा खाली यायचा.

"असं कुठी पाखरू बोलते का हो? सायकलच्या ट्यूबातली हवा गेल्यावानी?"

"मंग एकडाव संगं येऊन ऐका ना, मास्तरीनबाई. नवरंग काय म्हनते ते त्याच्याच तोंडून ऐका."

"मले सैपाक नाई का?"

ते जायचं राहून गेलं. माघात, थंडी उतरता उतरता, नागनाथांना साधा ताप आला, आणि त्या तापाचंच निमित्त झालं.

सकाळ कशीही निघून जायची. दुपारी कोणी ना कोणी बसायला यायचं. पण संध्याकाळी प्रतिभाबाई स्वयंपाकघरात हातात पातेलं घेऊन उभ्या राहायच्या आणि आधण कधी ठेवायचं तेच त्यांना कळायचं नाही. कधी फार लवकर ठेवलं जायचं, कधी दिवे लागून गेल्यावर. चहा मग तसाच निवून जायचा.

आषाढ लागला तसा हर्षदीप न्यायला आला. एकुलता एक मुलगा, हैदराबादेत विमा कंपनीत नोकरीला. बोलणं कमीच, बापासारखं हसणंही त्याला जमत नसे. बायको मैत्री मात्र बोलघेवडी, सासूवर जीव असलेली.

"एकटी कायले राहतं तू? शुगर हाय, गुडघा हाय. मैत्रीनं खोली लावून ठेवली तुझ्यासाठी. पडदे बी तिनंच शिवले."

पडदे शिवून वाट पाहणाऱ्या सुनेला नाही म्हणणं म्हणजे मोठं कठीण. आणि मुलाचं तरी काय चुकत होतं? प्रतिभाबाईंनी पदराशी चाळा केला, मग म्हणाल्या, "वर्षावास होऊ दे. विहारात ग्रंथ कोन वाचंल?"

हे खरंच होतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, पावसाचे तीन महिने, भन्ते फिरस्ती सोडून एका जागी राहतात, तो वर्षावास. त्या दिवसांत गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचणारा आवाज बाईंचा. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज विहाराच्या बाहेरही ऐकू जायचा. पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत तोंडून निघून गेलं, "आनि नवरंग हाय तोवर राहू दे मले. तो गेला की मी येईन."

हर्षदीपनं मान वर करून पाहिलं. नागनाथ म्हणायचेच तसं, त्यालाही ठाऊक होतं. नवरंग आपल्यातलाच, वर्षावास पाळणारा. पावसाच्या तोंडी या रानात येतो, इथंच राहतो, घरटं करतो, पिलं उडवतो आणि आश्विनात उठून दूर दक्षिणेकडं चालता होतो. मधे इकडेतिकडे हिंडणं नाही.

"शब्द?" त्यानं विचारलं.

"शब्द."

बाईंचा शब्द म्हणजे साधी गोष्ट नव्हती. खोटं बोलणाऱ्या पोराला त्यांनी कधी छडी मारली नाही. नुसत्या त्याच्यासमोर उभ्या राहून बघत राहायच्या. त्यापेक्षा छडी परवडली, असं पोरं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या नवऱ्याची दुर्बीण गळ्यात अडकवून निघाल्या. वावरात कौशल्याबाई सुनेसोबत कापूस निंदत होत्या. त्यांनी खुरपं थांबवलं.

"मास्तरीनबाई, काय हारपलं वं तुमचं जंगलात?"

"नवरंग पाहाले जाऊन राह्यली."

"आनि ते गळ्यात काय?"

"दुर्बीन. दूरचं जवळ दिसते."

कौशल्याबाईंनी ती मागून घेतली, डोळ्याला लावली आणि म्हणाल्या, "मले तं जवळचंच दूर दिसून राह्यलं बाप्पा. माही सून पार तिकडं पोचली." दुर्बीण उलटी होती. दोघी पोटभर हसल्या. माघानंतर प्रतिभाबाई पहिल्यांदाच तशा हसल्या होत्या, आणि हसून झाल्यावर त्यांचं त्यांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

नागनाथांचा दगड सापडायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं बसून बसून तो एका बाजूनं गुळगुळीत झाला होता. प्रतिभाबाई त्यावर बसल्या. समोर ओढा, ओढ्यापलीकडे साग, सागाखाली ओल्या पानांचा थर. पहिल्या दिवशी त्यांना काहीही दिसलं नाही. ऐकू मात्र सगळंच येत होतं, आणि सगळं एकदम, मधल्या सुट्टीसारखं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एक दिवस, बसल्या बसल्या, त्यांना जुनी युक्ती आठवली. नवा वर्ग हाती आला की त्या पहिले काही दिवस शिकवायच्याच नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसून राहायच्या. पोरं आपोआप एकेक करून वेगळी व्हायची.

पाखरंही तशीच वेगळी होऊ लागली. पानांत उड्या मारत, एकमेकांवर ओरडत फिरणारे सातभाई, ती शेवटच्या बाकावरची टोळी. लांब शेपटीचा टकाचोर, दुसऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवणारा. हळद्या एवढा देखणा आणि गोड आवाजाचा, पण बोलायला लावलं की पानाआड लपणार. सुतार आपला ठकठक करत अभ्यासात. आणि एक होता, तो त्यांना कधी दिसलाच नाही. उजाडताना आणि मावळताना झुडपांतून कुठूनतरी दोन स्वच्छ सूर ऐकू यायचे, नेमके, ताठ, वर्गात हजेरी घेताना एखादं पोर 'हा-जर' म्हणतं तसे. प्रतिभाबाईंनी त्याचं नाव हजेरीवाला ठेवलं. त्याची हजेरी झाली की त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

पण त्यांना हवा होता नवरंग. तो कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण घरातल्या कपाटात एक होता. नागनाथांनी निर्मल गावच्या एका कारागिराकडून तो लाकडाचा बनवून घेतला होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, फिकट पिवळं पोट, डोळ्यावरून काळी पट्टी, शेपटीखाली लालभडक. चोच मात्र कारागिरानं सोनेरी रंगवली होती. सोनं लावल्याशिवाय त्याला चैन पडलं नसावं.

श्रावणातल्या एका सकाळी, पाऊस नुकताच थांबून झाडं अजून गळत असताना, ओढ्यापलीकडच्या पानांत कपाटातला नवरंग चालताना दिसला. आखूड शेपटी, उंच पाय. एक उडी मारायचा, थांबायचा, पान उलटून खाली बघायचा, पुन्हा एक उडी. शेपटीखालचं लाल, ओल्या अंधारात निखाऱ्यासारखं. चोच काळसर होती, सोनेरी नव्हती, तेवढाच फरक. प्रतिभाबाईंनी श्वास धरून ठेवला. आणि तेवढ्यात शीळ झाली. पहिला सूर ताठ वर गेला, दुसरा जोरात निघाला आणि मधेच घसरून खाली आला.

प्रतिभाबाई दगडावरून अर्धवट उठल्याच. हीच ती! जशीच्या तशी! सायकलच्या ट्यूबातली हवा! इतकी वर्षं आपण या माणसाची थट्टा केली, आणि त्यानं तर सुताइतकाही फरक न करता पाखराची नक्कल केली होती. "चुकलं हो माझं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. नवरंग दचकून झुडपात शिरला. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या, त्या दगडावर बसून, पदर तोंडाशी न धरता. घरात त्यांना असं मोकळं रडता आलं नव्हतं.

त्यानंतर जंगल त्यांना सुटेना. गुडघा कुरकुरायचा, तरी त्या जायच्या. नवरंग कधी दिसायचा, कधी नाही; शीळ मात्र रोज व्हायची, वर, सागाच्या शेंड्यांतून. आवाज वरून येतो आणि पाखरू तर खाली पानांत चालतं, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. पण नवरंगाला पंखही असतात, उडाला असेल वर, असं म्हणून त्यांनी तो मिटवला. खरं सांगायचं तर त्या दगडावर बसलं की त्यांना फार विचार करावासाच वाटत नसे. उन्हाचे कवडसे ओढ्यावरून हलायचे, मधमाश्यांची गुणगुण डोळ्यांवर यायची, आणि अर्धवट झोपेत त्यांना वाटायचं, नागनाथ गेलेले नाहीत. जरा पुढं गेलेत, ओढ्याच्या वळणापाशी. येतीलच. तेवढं वाटायला मिळावं म्हणूनच त्या रोज येत होत्या, आणि तेच हैदराबादेत मिळणार नव्हतं.

हर्षदीपचा फोन रोज सकाळी यायचा. डोंगरावर टॉवर झाल्यापासून दगडापाशीही रेंज मिळायची. नमस्कार-चमत्कार काही नाही. तो एकच प्रश्न विचारायचा, "आई, हाय का अजून?"

"हाय. ऐक." त्या फोन वर धरायच्या. शीळ व्हायची, दोनदा, तीनदा. मग त्या फोन कानाला लावायच्या तर पलीकडे नुसती शांतता. जरा वेळानं तो म्हणायचा, "बरं," आणि ठेवून द्यायचा.

"घाई झाली लेकाले," त्या पुटपुटायच्या. वाईट वाटायचं. आईला न्यायला एवढा आतुर मुलगा कोणाला मिळतो, हेही कळत होतं. तरी वाईट वाटायचंच.

पोळा झाला. कौशल्याबाईंच्या बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता तोवर सागाला फुलोरा आला, शेंडे पांढुरके झाले, आणि खालची पानं किड्यांनी खाऊन खाऊन त्यांची नुसती जाळी राहिली. त्या जाळीतून येणारं ऊन बारीक चाळलेल्या पिठासारखं खाली पडायचं. भादव्याचं ऊन, अंगाला चटका देणारं, पण पहाटे गवतावर दव. एक दिवस प्रतिभाबाईंच्या लक्षात आलं, हजेरीवाला बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गैरहजर, त्या मनाशी म्हणाल्या. मग तो पुन्हा ऐकूच आला नाही.

जंगल हळूहळू वेगळं होत होतं, कोणी रागावून नव्हे तर आवराआवर केल्यासारखं. ओढ्याचा आवाज बारीक झाला. तेरडा सरला आणि सडकेच्या कडेनं तरवड पिवळा झाला. शेजारच्या तेलुगू बायका त्याची फुलं बतुकम्माच्या सणासाठी टोपल्या भरभरून नेऊ लागल्या. कौशल्याबाईंच्या कापसाची बोंडं फुटली. तलावाच्या पाळीवर शेपटी वरखाली हलवत धोबी पाखरू तुरुतुरु चालताना दिसलं. हिवाळ्याचा हा पाहुणा आला की नागनाथ घरी येऊन जाहीर करायचे, "पाऊस गेला." प्रतिभाबाई पाळीवर थांबल्या आणि त्यांनी धोब्याकडे नाराजीनं पाहिलं. त्याला त्याचं काही नव्हतं.

नवरंग पानांत दिसेनासा झाला होता. किती दिवस, ते त्या मुद्दामच मोजत नव्हत्या. शीळ आहे ना, मग झालं.

नवरात्र अर्धंअधिक गेल्यावर, एका लख्ख सकाळी, सागाची जाळीदार पानं गळून फांद्या जरा मोकळ्या झाल्या होत्या. शीळ झाली आणि प्रतिभाबाईंनी सहज दुर्बीण वर लावली. वाळक्या फांदीवर एक काळंभोर, चकचकीत पाखरू बसलं होतं. डोक्यावर तुरा, आणि शेपटीतून दोन लांब तारा निघालेल्या, प्रत्येक तारेच्या टोकाला एकेक पीस. भृंगराज. बारा महिने याच रानात राहणारा. नागनाथांनी कधीतरी परसदारातून बोट करून दाखवला होता. भृंगराजानं चोच उघडली आणि मांजरासारखं म्यांव केलं. मग शिकारी शिक्र्यासारखा चिरका ओरडला, तसे सातभाई भेदरून पळाले. मग त्यानं मान जराशी तिरकी केली आणि शीळ घातली. पहिला सूर ताठ वर. दुसरा घसरला.

प्रतिभाबाईंनी दुर्बीण हळूच खाली घेतली. या नकलाकारानं नवरंगाची शीळ उचलली होती. खरा नवरंग कधीच निघून गेला होता, आणि त्याच्याबरोबर त्यांची मुदतही.

नेमका तेव्हाच फोन वाजला.

"आई, हाय का अजून?"

खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. ते दोन शब्द त्यांच्या जिभेवर होतेही. भृंगराज फांदीवर शेपटीच्या तारा हलवत बसला होता. वळणापाशी ऊन पडलं होतं.

"हाय," प्रतिभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन वर धरला. भृंगराजानं जराही आढेवेढे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी बाईंचा आवाज अडकला. खोटं बोलणार नाही, हे ते शील. मागं बसलेली पोरं चमकली. बाईंचा आवाज अडकलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. घरी जाताना कोणीतरी काढा घ्यायला सांगितलं. रोज सकाळी फोन येत राहिला, रोज त्या 'हाय' म्हणत राहिल्या, आणि रोज संध्याकाळी तेच शील त्यांच्या घशात बोराच्या बीसारखं अडकत राहिलं. शिकवलेल्या पोरांपैकी एखादं आत्ता समोर येऊन नुसतं बघत उभं राहिलं तर आपण काय करू, असं त्यांना वाटायचं. दगडावरची ती अर्धी झोपही गेली. चोरून बसल्यासारखं वाटलं की झोप कसली लागते?

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हर्षदीप आला. हातात एक मोठी रिकामी बॅग होती. ती त्यानं दाराआड ठेवली आणि तिच्याबद्दल काही बोलला नाही. प्रतिभाबाईंनी भाकरी थापताना, जेवताना, भांडी घासताना शंभरदा त्या बॅगेकडे पाहिलं.

सकाळी तो आपणहून म्हणाला, "चल, संगं येतो."

दोघं वावराच्या बांधानं निघाली. दवानं पाय भिजले. कौशल्याबाईंचा कापूस पांढरा शुभ्र फुटून वेचणीला आला होता. मोहाखालून जाताना हर्षदीप क्षणभर थांबला, मग पुढं झाला. दगडाशी आल्यावर त्यानं आईला बसायला लावलं आणि स्वतः खाली, पानांवर, तिच्या पायाशी बसला. लहान असताना बापाच्या पायाशी बसायचा तसा.

प्रतिभाबाईंना आता धीर धरवेना.

"हर्षू, नवरंग गेला."

त्यानं वर, फांद्यांकडे पाहिलं.

"कवाचाच गेला. वर बोलते ना, तो भृंगराज हाय. नक्कल करते तो. मले समजलं होतं, तरी मी तुले हाय, हाय म्हनत राह्यली. खोटं बोलली मी तुयाशी. इथून उठाचं जीवावर आलं होतं माझ्या, म्हनून." त्यांनी पदर खोचला. "आता शब्द म्हंजे शब्द. घरी जाऊ अन् बॅग भरू."

हर्षदीपनं एक वाळकं पान उचललं आणि त्याची जाळी उन्हात धरून पाहत राहिला.

"भृंगराज हाय ते मले माहीतच होतं, आई. पयल्या दिवसापासून."

"फोनवरून वळखलं तुनं?"

"नवरंग असा बोलतच नाई." त्यानं ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. दोन सूर. स्वच्छ, नेमके, ताठ. दुसरा घसरला नाही, कुठं हलला नाही.

प्रतिभाबाई बघतच राहिल्या. "अरे, हा तं माझा हजेरीवाला! पाह्यटे अन् सांजेले बोलायचा. पोळ्यानंतर गप झाला."

"तोच नवरंग."

"मंग..." त्यांनी वर पाहिलं. फांद्यांत काही हललं नव्हतं अजून. "मंग भृंगराज कोनाची नक्कल करते?"

हर्षदीपनं बोट आपल्या पुढच्या दातावर टेकवलं. "बाबाची," तो म्हणाला. "बाबाले नवरंग कधी जमलाच नाई. मी लहान होतो, त्याईच्यासंगं यायचो ना. नवरंग इकून नीट बोलायचा अन् बाबा तिकून तसेच घसरायचे. तुटक्या दातातून हवा जायची. वरून हा लेकाचा ऐकत बसला असंल वर्षानुवर्षं."

पावसाळाभर त्या खऱ्या नवरंगाची रोज हजेरी घेत होत्या आणि नवरंग समजून ऐकत होत्या ते आपल्याच माणसाला. नवरंगाची शीळ त्यांना ठाऊक होती ती फक्त त्या एका तोंडातली. दुसरी कोणती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"मले वाटलं तुले माहीत हाय," हर्षदीप म्हणाला. "वाटलं, माहीत हाय म्हनून तर तू उठत नाई इथून. म्हनून रोज फोन लावायचो. आफिसच्या जिन्यात उभा राहून. तू फोन वर धरायची अन् मी..." तो थांबला. मोठा बाप्या माणूस, कपाळावर केस विरळ झालेला, त्यानं मनगटानं डोळे पुसले. "मैत्रीले बी नाई सांगतलं मी."

"मले वाटलं, तू न्यायची घाई करून राह्यला."

त्यानं नकारार्थी मान हलवली. ओढा जेमतेम ऐकू येत होता. मग हर्षदीप, तिच्याकडे न बघता, पानाच्या जाळीतून बोट फिरवत म्हणाला, "आई, तू हैदराबादले आली तं मले कोन ऐकवंल?"

प्रतिभाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना म्हणायचं होतं की मैत्रीनं पडदे शिवलेत, तिला वाईट वाटेल. की दिवाळीला येईन, चार दिवस राहून परत येईन. की गुडघ्याचं मी बघून घेईन. यातलं काही बोलायची गरज पडली नाही.

"बॅग मोठी आनली तुनं," त्या म्हणाल्या.

"सीताफळं भरून दे. मैत्रीले आवडतात."

वर, सागाच्या शेंड्यात, पानं हलली. शीळ झाली. पहिला सूर ताठ वर गेला, दुसरा जोरात निघाला आणि मधेच घसरून खाली आला.

आई आणि मुलगा, दोघंही एकदमच उठून उभी राहिली, आणि उठल्यावर एकमेकांकडे पाहून हसली. घरचा कायदाच होता तसा. शीळ झाली की तिनं चहाचं आधण ठेवायचं, आणि त्यानं असेल तिथून घरी यायचं.